नुसती बसलेली बाई

यमगर सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की लगेच बसत नसत. चपला दाराशी काढायच्या आणि थेट समोरच्या भिंतीपाशी जायच्या. तिथे जे काही टांगलेलं असेल त्याच्यासमोर हात मागे बांधून उभ्या राहायच्या, राउंडवर आलेल्या डॉक्टरसारख्या. मग वळून घरच्यांना विचारायच्या, "हे तुमी निवडलं, का कुणी दिलं?"

आमच्याकडेही तसंच झालं. सांगलीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन त्यांना चारच दिवस झाले होते. विरजण मागायला म्हणून आल्या आणि हातातली वाटी तशीच घेऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या. आमच्या भिंतीवर तेव्हा सात पांढरे घोडे धावत होते. माझ्या बायकोच्या मामांनी वास्तुशांतीला दिलेले.

"दिलेलं आहे," मी म्हणालो.

"घोडं आवडत्यात तुमाला?"

"तसं काही नाही."

"मग रोज कशाला बघताय त्यास्नी?" असं म्हणून विरजण घेऊन त्या निघूनही गेल्या. मी संध्याकाळभर चरफडत होतो. चार दिवसांची ओळख, आणि ही बाई आपल्या हॉलमध्ये येऊन आपल्यालाच विचारते! पण खरं सांगायचं तर नऊ वर्षांत मी ते घोडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले, आणि ते मला अजिबात आवडले नाहीत.

सिस्टर मूळच्या आटपाडीकडच्या. तीस-बत्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून सांगली आणि साताऱ्याच्या गावांमधून फिरल्या. लसीची पेटी खांद्याला लावून घरोघर जायचं, बाळंतिणी बघायच्या, पोरांचे डोळे आणि जिभा बघायच्या, हे त्यांचं काम. "माझ्याएवढ्या भिंती गवंड्यानंबी बघितल्या नसतील सर," त्या म्हणायच्या. "देव असत्यात, गेलेली माणसं असत्यात, मिल्ट्रीतल्या पोराचा डिरेसमधला फोटू असतोय, कारखान्याचं कॅलेंडर असतंय. पण बाईमाणसानं आपल्याला आवडलं म्हणून लावल्यालं काय असतंय का? मला तर कुटं दिसलं न्हाई."

त्यांच्या स्वतःच्या भिंतींचीही तीच गत होती. आधी सरकारी क्वार्टर, मग सासरचं घर, तिथे सासऱ्यांपासून दिरांपर्यंत सगळ्यांचे फोटो. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा सचिन पुण्यात नोकरीला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगलीत हा छोटा फ्लॅट घेतला आणि सामान यायच्या आधी पहिलं काम केलं ते हॉलच्या भिंतीवर एक खिळा ठोकून घेण्याचं. सचिननं एक घड्याळ आणलं होतं, त्यात धबधबा होता आणि दिवा लागायचा. ते त्यांनी स्वयंपाकघरात लावलं. हॉलचा खिळा रिकामाच.

"तिथं एकच चित्र लावायचंय," असं त्यांनी मला सांगितलं आणि तिथून माझी दीड-दोन वर्षांची वणवण सुरू झाली. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. चित्रांतलं मला काही कळत नाही. पण माझ्याकडे कॉम्प्युटर होता आणि मी समोर राहत होतो, एवढा गुन्हा पुरेसा होता.

चित्र त्यांनी मुंबईच्या एका संग्रहालयात पाहिलेलं. चित्रकाराचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. "एक बाई हाय," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यावर बसलीया."

"काय करतेय?"

"काय न्हाई. नुस्ती बसलीया. निवडत न्हाई, शिवत न्हाई, पोराला घेतलं न्हाई. मागं भिंत हाय, शेवाळावर राख पडल्यागत रंग. आन् उजव्या अंगाला तिच्या चपला. एक सुलटी, एक पालथी."

एवढ्या माहितीवर चित्र शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. त्या संग्रहालयाच्या वेबसाइटवर ते सापडलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. मी त्यांना बोलावून दाखवलं. खुर्चीवर न बसता वाकून त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "हीच. पण हिला एवढी बारीक का केलीया?"

मला वाटलं, काम झालं. आता कुणीतरी त्याची छापील प्रत विकतच असेल, ती मागवायची की संपलं. एका वेबसाइटवर मिळालीही. म्युझियम दर्जाची छपाई, कापसाचा कागद, शंभर वर्षं रंग न उडण्याची हमी. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"शंभर वर्षं कुणाला पायजेत? मला धा-पंधरा बास झाली," सिस्टर म्हणाल्या. "मागवा."

पुठ्ठ्याच्या नळीतून चित्र आलं. त्यांच्या पलंगावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. बाई होती, उंबरा होता, भिंत होती. सिस्टरांनी उजव्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चपला कुटं गेल्या?"

चपला नव्हत्या. कंपनीनं आपल्या ठरावीक मापात बसवायला उजवीकडचा भाग कापला होता. मी फोन लावला. अर्धा तास फोनवरचं संगीत ऐकल्यावर एक मुलगी लाइनवर आली आणि मी हिंदीत काही बोलायच्या आत सिस्टरांनी फोन हिसकावला.

"बेटी, उसके चप्पल कट गये."

"मॅम, स्टँडर्ड साइज में थोडा क्रॉप होता है."

"अगं, चप्पल के बिना वो बाई उठके घर कैसी जायेगी?"

"मैं आपकी फीलिंग समझ सकती हूँ, मॅम," मुलगी म्हणाली आणि फोन दुसऱ्या विभागाकडे गेला. तिथून तिसऱ्या. चौथ्यानं फोटो मागवले. शेवटी त्यांनी चित्र परत घेतलं, पण त्यासाठी मला सात वेळा तेच तेच लिहून पाठवावं लागलं. हे आठवलं तरी माझं डोकं आजही तापतं. चित्राचा एक तुकडा कापून 'म्युझियम दर्जा' म्हणून विकायचा, आणि वर आपल्यालाच विचारायचं की तुम्हाला नक्की काय अडचण आहे!

दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीकडून आली. हे चित्र पूर्ण होतं, चपलांसकट. कागद जाड, बोटांना खरखरीत लागणारा, अजिबात चकाकी नसलेला. मला मनापासून आनंद झाला. सिस्टरांनी ते दोन दिवस पलंगावर पसरून ठेवलं आणि स्वतः खाली चटईवर झोपल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली.

"भिंत पिवळी झालीया."

"कुठली भिंत?"

"बाईच्या मागची. ती अशी न्हवती."

मी चित्र बाल्कनीत नेलं. ट्यूबलाइटखाली धरलं. माझ्या बायकोला बोलावलं, तिलाही भिंत राखाडी-हिरवीच दिसली. "सिस्टर, बारा वर्षांपूर्वी पाहिलेला रंग माणसाच्या लक्षात राहत नाही," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो.

त्यांनी चित्र माझ्या हातातून काढून घेतलं. "सर, मी तीस वर्षं पोरांचं डोळं बघून कावीळ वळखलीया. रिपोट यायच्या आदी. मला पिवळं शिकवू नगा."

कंपनीच्या नियमाप्रमाणे मी चित्राचा फोटो काढला, तक्रारीत 'रंग चुकीचा' असं लिहिलं, आणि एक चांगलं, माझ्या मते अगदी बरोबर असलेलं चित्र परत नळीत कोंबलं. त्या रागात मी नळीला इतकी चिकटपट्टी गुंडाळली की कुरियरवाला हसला.

त्यानंतर महिनाभर मी त्यांना टाळलं. जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी दार लोटून घ्यायचो. पण त्या टाळू देणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका रविवारी सकाळी पिशवी घेऊन दारात उभ्या. "साताऱ्यात रफिकभाई मुलाणी म्हणून हायती. मोठं मशीन हाय त्यांच्याकडं, फ्रेमबी सोताच करत्यात. त्यांच्या बायकोची दोन बाळंतपणं मी केल्याती. चला."

मला पेपर तपासायचे होते. तरी गेलो, का ते मला आजही सांगता येणार नाही. एसटी कराडपर्यंत बरी गेली. उंब्रजच्या अलीकडे महामार्गाचं काम चालू होतं, तिथे गाडी थांबली ती हलेचना. पुढे ट्रक, मागे ट्रक, वर ऊन. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो.

"मनातनं शिव्या घालताय मला," सिस्टर म्हणाल्या.

"नाही हो."

"घालताय. घाला. पण ह्या चित्राचं काय हाय ते तुमाला सांगिटलंच न्हाई मी. आता सांगते, गाडी काय हलत न्हाई."

आणि त्या थांबलेल्या एसटीत, खिडकीबाहेर धुळीनं माखलेल्या उसाकडे बघत, त्यांनी ते सांगितलं.

नवऱ्याला घशाचा कॅन्सर झाला होता. मुंबईत सहा आठवडे रोज रेडिएशन. दोघं रुग्णालयाजवळच्या एका धर्मशाळेत राहायची. उपचार करून आलं की नवरा दोन तास झोपायचा. एक दिवस त्या औषध आणायला बाहेर पडल्या, दुपारचं ऊन होतं, रस्त्यात एक मोठी इमारत दिसली, लोक आत जात होते. "चित्रं बघाया न्हाई सर. आत पंखा असंल म्हणून गेली. एक बाक रिकामा हुता, बसली. समोर ही."

"मग?"

"मग काय. ती बसल्याली, मी बसल्याली. ती माझ्याकडं काय मागत न्हवती. पाणी न्हाई, सुई न्हाई, पातळ भात न्हाई. तासभर बसली आन् उठून आली. दुसऱ्या दिशी परत गेली. मग रोजच."

गाडी दोन हात पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

"एक दिस उशीर झाला. माझाच डोळा लागला बाकावर. येऊन बघती तर ह्ये खाली पडल्यालं. जाग आल्ती, पाणी पायजे हुतं. आवाज तर गेलेलाच, हाक कशी मारणार? हात लांब केला आन् खाटंवरनं पडलं. खालचा वठ फुटला हुता. मी म्हणलं, कँटीनला लाईन हुती. त्यास्नीबी तेच सांगिटलं आन् सचिनलाबी तेच. त्यानं फोनवर इच्यारलं हुतं, तू कुटं हुतीस म्हणून."

"सिस्टर, डोळा लागणं म्हणजे..."

"ऐका की. ते न्हाई वाईट. वाईट हे, की दुसऱ्या दिशी मी परत गेली. वठाला टाका घातल्याला माणूस झोपवला आन् परत जाऊन बसली हिच्यासमोर."

माझं घड्याळ बघायचं राहिलं. पुढे गाडी सुटली आणि सातारा येईपर्यंत त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

रफिकभाईंचं दुकान लांबट, अंधारं, लाकडाच्या भुशाच्या वासाचं. लग्नाचे अल्बम छापून त्यांनी ते मोठं यंत्र घेतलं होतं. माझ्या मोबाइलवरचं चित्र त्यांनी बोटांनी मोठं केलं आणि मान हलवली. "पोस्टकार्डाएवढं आत्ता काढून देतो. पण सिस्टर, भिंतीसाठी हे चालायचं नाही. ह्यात काही नाहीच. मी मोठं करीन, पण मोठं काय करू? ठिपके? संग्रहालयानं स्वतः घेतलेला मोठा फोटो मिळाला पाहिजे. तो आणा, मग बघा." मग त्यांनी कपाटातून कापसाचा कागद काढून सिस्टरांच्या हातात दिला.

सिस्टरांनी तो दोन बोटांत चोळला. "गॉजपट्टीगत लागतोय," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

संग्रहालयाकडे अर्ज करायचा होता. अर्जात एक रकाना होता, 'प्रतिमेचा उद्देश'. समोर चारच पर्याय: शैक्षणिक, संशोधन, प्रकाशन, व्यापारी. मी म्हणालो, शैक्षणिकवर खूण करू, मी शिक्षक आहे, सही करतो. सिस्टरांनी पेन हातात घेतलं आणि चार पर्यायांच्या खाली पाचवी चौकट स्वतःच आखली. तिच्यापुढे लिहिलं, 'घरात लावण्यासाठी.'

"अर्ज परत येईल," मी म्हणालो.

"येऊ द्या. वरनं किती सांगिटलं तरी लसीच्या रजिस्टरात मी एक पोर जादा लिवलं न्हाई. आता कशाला खोटं लिवू?"

अर्ज परत आला. दीड महिन्यानं, 'उद्देश नियमात बसत नाही' अशा शेऱ्यासह. म्हणजे पुस्तकवाल्याला ते चित्र मिळू शकतं, कंपनीला मिळू शकतं, पण एखाद्या बाईला आपल्या घरात ते हवं असेल तर त्यासाठी रकानाच नाही! मी तो कागद टेबलावर आपटला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "परत पाठवू." मला त्या शांतपणाचाच जास्त राग आला.

मध्येच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू बराच पिकला होता. जगाच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघणाऱ्या बाईनं स्वतःचे डोळे मात्र सहा वर्षं दाखवले नव्हते. "दिसतंय की मला," असं म्हणत दिवस काढले. आधी उजवा डोळा केला. चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून त्या आमच्याकडे आल्या. भिंतीकडे गेल्या नाहीत. सरळ सोफ्यावर बसल्या.

"सर, ते दुसरं चित्र परत धाडलं, त्याचा फोटू हाय का तुमच्याकडं?"

तक्रारीसाठी काढलेला फोटो मोबाइलमध्ये होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, उजवा डोळा हातानं झाकून फोटो पाहिला. मग डावा झाकून पाहिला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. असं पाच-सहा वेळा केलं.

"ह्या जुन्या डोळ्यानं पिवळं," त्या म्हणाल्या. "नव्या डोळ्यानं बराबर हाय. तुमी म्हणत हुता तसंच हाय."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. डोळ्यांसमोर ती चिकटपट्टी गुंडाळलेली नळी आली, ते फोन, ती थांबलेली एसटी, तो परत आलेला अर्ज. "मी सांगत होतो ना तेव्हा!" मी जवळजवळ ओरडलोच. आतून बायको बाहेर आली.

"व्हय," सिस्टर म्हणाल्या. "तुमी सांगत हुता. आख्ख्या तालुक्याचं पिवळं वळखलं मी आन् माझ्याच डोळ्यावर पिवळा पडदा." नवीन डोळ्यातून पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या बराच वेळ छताकडे बघत बसल्या.

मग त्यांनी मला त्या कंपनीला फोन लावायला लावला. मला वाटलं, पुन्हा मागवायचं असेल. पण नाही, आधी त्यांना माफी मागायची होती. "तुमारा रंग बराबर था," त्या फोनवर सांगत होत्या. "मेरे आँख में मोतीबिंदू था. तुमारे छापनेवाले को बोलो, उसका कुछ नहीं चुक्या." पलीकडच्या मुलानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "और कोई सहायता, मॅम?" तेव्हा कुठे त्यांनी चित्राची चौकशी केली. ते चित्र आता विक्रीला नव्हतं. यादीतूनच काढून टाकलं होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच मारून घेतला.

सिस्टरांनी मग संग्रहालयाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. अर्ज नव्हे, पत्र. मला दाखवलं नाही. त्यात काय लिहिलं ते मला कधीच कळलं नाही, पण तीन आठवड्यांनी तिथल्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. "घरात लावायला म्हणून असा कुणी अर्ज केलेला मी तरी पाहिलेला नाही," त्या मला म्हणाल्या, कारण पत्रावर नंबर माझा होता. "मी वर टिपण पाठवलं आहे. वेळ लागेल." वेळ लागला. टिपण कुठेतरी अडकलं, अधिकारी बदलले, मी दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा तेच उत्तर. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही त्या दरम्यान उरकलं. आणि आम्ही नाद सोडल्यावर एके दिवशी ई-मेलनं ती फाइल आली. एवढी मोठी, की उघडताना माझा कॉम्प्युटर बंद पडला.

रफिकभाईंनी आधी हातरुमालाएवढे तीन तुकडे छापले, रंग जुळवायला. आम्ही पुन्हा साताऱ्याला. सिस्टरांनी तिन्ही तुकडे उजेडात धरले, मग माझ्यापुढे केले. "तुमी सांगा. माझा भरवसा न्हाई आता." मी मधला दाखवला. रफिकभाईंनीही मधलाच दाखवला. त्यांनी साधी सागवानी चौकट केली आणि स्वतः सांगलीला येऊन चित्र लावून दिलं. चहा घेऊन ते गेले.

सिस्टर खुर्ची ओढून समोर बसल्या. मी दारात उभा. मला वाटत होतं, आता त्या काहीतरी छान बोलतील. निदान एवढं तरी, की सर, तुम्हाला लय तरास दिला.

"सर," त्या म्हणाल्या, "ही आरामात बसल्याली न्हाई."

"आता काय झालं? रंग?"

"रंग बराबर हाय. सगळं बराबर हाय. पण तिचं खांदं बघा. हात कसा टाकलाय बघा. चप्पल काढल्याली न्हाई ती, पायातनं पडलीया. लय दमलीया ही." त्या पुढे वाकल्या. "तवा मला वाटायचं, हिचं बरं हाय बाई, निवांत बसलीया. हिला कुणी काय मागत न्हाई. सहा आठवडं रोज समोर बसली मी, आन् येवढं दिसलं न्हाई मला. मी आपली माझंच घिऊन बसल्याली."

दीड वर्ष. दोन कंपन्या, साताऱ्याच्या दोन फेऱ्या, किती अर्ज आणि किती फोन. "मग काढायचं का?" मी विचारलं, आणि माझा आवाज चिडकाच होता.

"छ्या! दमलेल्या बाईला उठवत्यात व्हय? बसू द्या तिला."

त्यानंतर त्या वर्षभर होत्या. दुपारी त्यांचं दार उघडं असायचं आणि खुर्ची चित्राकडे तोंड करून ठेवलेली असायची. भाजी निवडत असल्या तरी तिथेच बसून निवडायच्या. गेल्या त्या झटकन गेल्या. सकाळी छातीत दुखायला लागलं, मी रिक्षा आणेपर्यंत त्यांनी स्वतःच आपली नाडी धरून ठेवली होती, आणि दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना ठोके सांगितले. संध्याकाळी सगळं संपलं.

सचिन फ्लॅट रिकामा करायला आला तेव्हा चित्र त्यानं चादरीत गुंडाळून पुण्याला नेलं. मला वाटलं, कपाटामागे जाईल. मला तेव्हा कशाचंच बरं वाटत नव्हतं, हेही त्यातच धरलं.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. चित्र हॉलमध्ये लावलंय म्हणाला. "सर, एक विचारायचं होतं. आईनं हे कुठं बघितलं होतं? घरी येणारे विचारतात, मला काही सांगताच येत नाही."

एसटीत त्या म्हणाल्या होत्या की त्याला त्यांनी कँटीनचं सांगितलं. मला त्यांनी गप्प राहायला सांगितलं नव्हतं आणि बोलायलाही सांगितलं नव्हतं. ही बाई गेल्यावरसुद्धा मला अडचणीत टाकून गेली असं मनात आलं. मग मी सांगून टाकलं. धर्मशाळा, दुपारचा तो एक तास, बाक, आणि वडील पडले तो दिवसही. त्यानंतर त्या पुन्हा तिथे गेल्या, तेही.

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"माझं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं," सचिन म्हणाला. "सहा आठवड्यांत मी दोनदाच गेलो मुंबईला. परीक्षेचं कारण सांगायचो. खरं म्हणजे मला बाबांकडे बघवत नव्हतं. आणि आई बिचारी चोवीस तास तिथं एकटी बसलीय, हे आजपर्यंत माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही सर."

मागे कुणाच्या तरी खेळण्याचा आवाज येत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "एक तास तरी उठून जात होती, हे लय बरं झालं."